एक दिवस थांबलं तर संकल्प मोडतो का?

पत्र असं आलं:

“ताई, मी ५६ वर्षांची. सांगली जिल्ह्यातली. मागच्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले. कार्तिकी एकादशी झाल्यावर ओंकारेश्वरला संकल्प केला आणि पायी नर्मदा परिक्रमा उचलली. सोबत धाकटी नणंद आणि गावातले दोन काका आहेत. आज अठरावा दिवस. शूलपाणीची झाडी, म्हणजे वाटेतलं डोंगराळ जंगल, पार करून आम्ही गोरा गावी आलोय. चार दिवसांपासून उजवी नडगी दुखतेय. आधी सकाळी दुखायची आणि तासाभर चाललं की सैल व्हायची. परवापासून चालताना वाढतच जाते आणि रात्रीही ठणकते. मला एक दिवस थांबावंसं वाटतं. पण मोठे काका म्हणतात, परिक्रमेत थांबायचं नसतं, थांबलं की पाय धरतात, मैया परीक्षा बघतेय. ते माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे आणि माझ्या पुढे चालतात. मार्चमधलं परतीचं रिझर्व्हेशनही झालंय. माझ्यामुळे सगळ्यांचा दिवस जाणार याची लाज वाटते. थांबल्यानं संकल्पाला बाधा येते का, तेही सांगा.”

हे उत्तर त्यांना त्याच रात्री पाठवलं होतं. परिक्रमेच्या दिवसांत अशी पत्रं दरवर्षी येतात, म्हणून त्यांना विचारून ते इथं देते आहे.

ताई, नर्मदे हर.

उद्या निघू नका. परवा निघायचं की नाही ते परवा सकाळी बघू. एवढं आत्ताच नणंदेला वाचून दाखवा. बाकीचं झोपण्याआधी वाचलंत तरी चालेल.

आधी संकल्पाचं बोलते, कारण पायापेक्षा तुमचं मन तिथं जास्त अडकलंय. ओंकारेश्वरच्या घाटावर पाणी हातात घेऊन काय म्हणालात ते आठवा. मैयाला उजव्या हाताला ठेवीन, तिचं पात्र ओलांडणार नाही, पायी चालेन, मिळेल ते खाईन. यात ‘रोज चालेन’ असं काही होतं का? मला तरी कुणी तसं म्हणायला लावलं नव्हतं.

उलट जुनी पद्धत बघा. शास्त्रोक्त परिक्रमेचा काळ सांगतात ३ वर्षे, ३ महिने, १३ दिवस. त्यात चातुर्मास आला की परिक्रमावासी जिथं असेल तिथं थांबतो. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत एकच गाव, एकच आश्रम. तीन वर्षांत तीन चातुर्मास म्हणजे जवळजवळ वर्षभराचा मुक्काम झाला. जवळजवळ एक तृतीयांश काळ माणूस बसून आहे आणि तरी त्याची परिक्रमा चालूच आहे. आपण ती पाच महिन्यांत बसवली, चातुर्मास टाळून कार्तिकीनंतर निघायला लागलो, आणि मुक्काम तेवढे गाळले. काकांचा भाव खरा आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण ‘थांबायचं नसतं’ हे परंपरेचं म्हणणं नाही, ते आपल्या रजेचं आणि रेल्वेच्या तिकिटाचं म्हणणं आहे.

तुम्ही आहात तिथून पलीकडच्या काठाला गरुडेश्वर अगदी जवळ आहे. दत्तसंप्रदायातल्या टेंबे स्वामींनी १९१४ साली तिथं देह ठेवला. आपल्या माणगावचे. संन्यास घेतल्यावर आयुष्यभर पायी फिरले आणि दर चातुर्मासाला एका ठिकाणी राहिले. त्यांच्याइतकं चाललेला माणूस आपल्याला सहसा माहीत नसतो, आणि त्यांनी थांबण्यात कधी उणेपण मानलं नाही. तुम्ही गरुडेश्वरला पोचाल ती समुद्रापर्यंत जाऊन, वळून, दुसऱ्या काठानं इतक्या लांब परत येऊन. जवळचा पूल तुमच्यासाठी नाही. तिथं पोचायचं असेल तर हा पाय लागणार आहे.

वारीतलंच घ्या. माऊलींची पालखी आळंदीहून पुण्याला येते आणि दोन रात्री राहते. मग दिवेघाट चढून सासवड, तिथं पुन्हा दोन रात्री. तुकोबांची पालखीही पुण्यात दोन दिवस असते. एवढ्या मोठ्या सोहळ्याला ‘दिवस वाया गेला’ असं कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. त्या दिवसांत वारकरी धोतरं-लुगडी धुतात, पायाला तेल लावून घेतात, नातेवाइकांकडे जेवून येतात, दुपारी आडवे होतात. आणि ही सोय अगदी सुरुवातीच्या टप्प्यांना आहे, जेव्हा घरातून निघालेली पावलं अजून रुळायची असतात. ज्यांनी हे मुक्काम लावले त्यांना माणसाचं शरीर ठाऊक होतं असं मला नेहमी वाटतं.

आता नडगी.

मी तीस वर्षं फिजिओथेरपी केली आहे, पण तुमचा पाय मी पाहिलेला नाही, त्यामुळे इथून निदान करणार नाही. तुम्ही लिहिलेल्या एका वाक्यावर मात्र मी थबकले. आधी तासाभरात सैल व्हायची, आता वाढत जाते आणि रात्री ठणकते. नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पट्टा दुखणं आणि चाललं की कमी होणं, हे चालणाऱ्यांमध्ये नेहमीचं आहे. हाडाला चिकटलेले स्नायू आणि हाडावरचं आवरण ताणलं गेलेलं असतं. काही दिवस विश्रांती आणि मग थोडं कमी चालणं, एवढ्यावर पुष्कळांचं भागतं. पण दुखणं एका ठिकाणी गोळा होऊ लागलं, बसल्या-झोपल्यावरही राहू लागलं, तर हाडालाच बारीक चीर जाण्याची सुरुवात असू शकते.

आत्ता एक करा. पाय सैल सोडून बसा आणि एका बोटानं नडगीचं हाड वरून खाली दाबत या. सगळीकडे थोडं थोडं दुखतंय, की रुपयाएवढ्या एकाच जागी कळ जाते? एकाच जागी कळ गेली, किंवा तिथं सूज हाताला लागली, तर राजपिपळ्याला जाऊन डॉक्टरांना दाखवा. ते जिल्ह्याचं ठिकाण आहे, तुमच्याच काठावर आहे, मैया ओलांडावी लागत नाही. गाडीनं गेल्यानं पायी परिक्रमा मोडेल ही भीती असेल तर आपला दंड, म्हणजे हातातली काठी, आणि मैयाच्या पाण्याची कुपी आश्रमात नणंदेपाशी ठेवा, परत तिथंच या आणि चालायला त्याच उंबऱ्यापासून सुरुवात करा. वाटेचं एक पाऊलही सुटत नाही. एक लक्षात असू द्या. अशी चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसतच नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आला’ म्हणून दुसऱ्या दिवशी पंचवीस किलोमीटर मारू नका. डॉक्टरांना रोज किती चालता, किती दिवस चालताय, रात्री दुखतं, हे सगळं सांगा. आणि एकाच पायाची पोटरी सुजली, गरम आणि लाल झाली, तर सकाळचीही वाट बघू नका.

तिसऱ्या आठवड्यातच हे का होतं, ते समजून घ्या, म्हणजे स्वतःला बोल लावणं थांबेल. दम आठ-दहा दिवसांत वाढतो. स्नायूही लवकर तयार होतात. हाडाचं तसं नाही. रोज पस्तीस हजारांवर पावलं पडू लागली की हाड स्वतःला नव्यानं बांधायला घेतं, आणि त्यात आधी जुना भाग कुरतडून काढला जातो, नवीन भरण मागून होतं. म्हणजे मधले काही आठवडे हाड आधीपेक्षा थोडं कच्चं असतं, आणि नेमकं तेव्हाच माणसाला वाटतं की आता पाय तयार झाले, आता वेग वाढवू. घराचा जिना नवीन बांधताना मध्ये काही दिवस तिथं पायरीच नसते, तसं समजा. त्यात पाळी गेल्यावर बायकांच्या हाडांची घनता उतरते. त्यात तुम्ही झाडीतले चढ-उतार करून आलात, आणि उतारावर प्रत्येक पावलाला शरीराला लगाम घालताना नडगीवर फार ताण येतो. त्यावर आता डांबरी रस्ता. या सगळ्याला चार दिवस सहन करून तुम्ही अजून उभ्या आहात.

काका बारा वर्षांनी मोठे आहेत आणि पुढे चालतात, हे तुम्ही पत्रात दुःखानं लिहिलंय. ते शेतकरी असतील तर त्यांची हाडं चाळीस वर्षं बांधावर आणि ढेकळांत बांधली गेली आहेत. तुमची वर्गात फळ्यापुढे उभं राहून. इथं धैर्याची तुलना करण्यासारखं काही नाही.

वेदनाशामक गोळी खाऊन चालू नका. हे मी कळवळून सांगते. दुखणं ही तुमच्याजवळची एकमेव सूचना आहे आणि गोळी ती बंद करते, हाडाचं काम मात्र तिथंच अडलेलं राहतं. शिवाय दिवसभर ऊन, घाम, पाणी कमी, अशा शरीरात आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅकच्या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात. रात्री झोपच येत नसेल तर डॉक्टरांना विचारून साधी पॅरासिटामॉल घ्या, पण सकाळी निघण्यासाठी म्हणून कुठलीच नको.

हे मला शिकवलं कुणी, तर माझ्याच पायानं. माझ्या परिक्रमेत, समुद्र ओलांडून जिथं उतरतात त्या मिठी तलाईहून पुढे भरूचच्या वाटेवर डावी नडगी दुखायला लागली. मी दुसऱ्यांना सांगणारी, मला लक्षणं पाठ होती. तरी सोबतच्या बाईंकडून गोळ्या मागून घेतल्या आणि सहा दिवस चालले, कारण गटात मागे पडायचं नव्हतं. सातव्या दिवशी नारेश्वरच्या अलीकडे एका गावात पाय टेकवेना. तिथल्या लहानशा आश्रमात ३७ दिवस राहिले. गट पुढे गेला. पहिला आठवडा मी रोज रडले, हे सांगायला मला संकोच नाही. स्वयंपाकघरात एक म्हाताऱ्या आजी होत्या, त्या मला बसल्या जागी वाल सोलायला द्यायच्या. एकदा मी म्हटलं, माझी परिक्रमा इथं खुंटली. त्यांनी विचारलं, मैया कुठल्या हाताला आहे? मी बसले होते तिथून खिडकी उजव्या हाताला होती आणि खिडकीतून पाणी दिसत होतं. मी म्हटलं, उजव्या. मग त्या काही बोलल्या नाहीत, वाल सोलत राहिल्या. पुढे मी हळूहळू चालून परिक्रमा पूर्ण केली. पण ते ३७ दिवस दोन किंवा तीन दिवसांत भागले असते, हे मला आजही लागून राहतं. म्हणून तुम्हाला एवढ्या जोरानं सांगते आहे.

आता काकांचं रिझर्व्हेशन. त्यांच्याशी शरीराबद्दल वाद घालू नका, हिशेब मांडा. मैयाची लांबी १३१२ किलोमीटर, दोन्ही काठ धरले तर २६०० च्या वर. रोज २५ धरले तर १०४ दिवसांची चाल. सहा दिवस चालून सातवा दिवस थांबलात तर सगळे मिळून १७ दिवस वाढतात. हाडाला चीर गेली तर सहा ते आठ आठवडे, म्हणजे ४२ ते ५६ दिवस. आणि तेही एकाच दमात, कुठल्या तरी गावात, एकटीनं. तिकीट रद्द करून नवं काढता येतं. काकांना असं म्हणा: “काका, मला परिक्रमा पूर्ण करायची आहे, म्हणून मी उद्या थांबते. तुम्ही थांबलात तर मला आनंद होईल. निघालात तर राजपिपळ्याच्या पुढं कुठं मुक्काम करणार ते सांगून ठेवा.” यात माफी मागू नका. ‘माझ्यामुळे’ हा शब्द त्यात येऊ देऊ नका, कारण तो आला की समोरचा मोठेपणानं ‘चल गं, होईल’ म्हणतो आणि तुम्ही चालू लागता.

ते पुढे गेले तर जाऊ द्या. मनात किल्मिष धरू नका. परिक्रमेत गट सुटतात आणि पुन्हा भेटतात. तुम्हाला तर एक सोय आहे. आठवडाभराच्या चालीवर विमलेश्वर-कठपोरची बाजू येते आणि तिथून समुद्र ओलांडायला नाव लागते. नाव भरतीवर सुटते, माणसांच्या गर्दीवर नंबर लागतो, आणि कधी कधी दिवस-दोन दिवस बसून काढावे लागतात. घाईनं गेलेले तिथं सगळे किनाऱ्यावर बसलेले सापडतात. काकाही सापडतील. फक्त नणंदेला सोबत ठेवा, दुखऱ्या पायानं एकटीनं मागे राहू नका.

आश्रमात आज संध्याकाळच्या आरतीनंतरच विचारून ठेवा. बहुतेक ठिकाणी एका रात्रीची रीत असते, मागून रोज नवे परिक्रमावासी येत असतात, जागा लागते. सकाळी सगळे निघाल्यावर आपण अंथरुणात दिसलो तर सेवेकऱ्यांना अवघड होतं. पाय दाखवा, सरळ सांगा. मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. बसून होणारी सेवा मागून घ्या, भाजी निवडणं, तांदूळ पाखडणं. निघताना जमेल ती दक्षिणा ठेवा.

आणि दिवस कसा घालवायचा? इथं बहुतेकजण चुकतात. चालायचं नाही म्हटल्यावर गाव बघायला निघतात, चार मंदिरं करतात, बाजारातून सामान आणतात, आणि संध्याकाळपर्यंत आठ किलोमीटर झालेले असतात. उद्या तुम्ही स्नान, कुपीची पूजा, आरती, जेवण आणि शौचाला जाणं, एवढ्यासाठीच उठा. घाट उतरावा लागत असेल तर नणंदेला कमंडलूत पाणी आणायला सांगा, बादलीतलं स्नानही मैयाचंच. पूजा नेहमीसारखी सावकाश करा. इतके दिवस निघायच्या घाईत उरकली असेल.

पाय धुऊन बोटांच्या मधली जागा कोरडी करा. तासन्‌तास गरम पाण्यात बुडवून ठेवू नका, कातडी मऊ पडते आणि पुढच्या दिवशी फोड येतात. फोड असतील तर वरची कातडी ओरबाडू नका, तेच मलम आहे. फार ताणलेला असेल तर सुई उकळून घेऊन कडेला टोचा, पाणी जाऊ द्या, वर स्वच्छ पट्टी. मधुमेह असेल तर मात्र फोडाला स्वतः हात लावू नका, डॉक्टरच. पोटरीला हलकं तेल लावायला हरकत नाही. नडगीच्या हाडावर कुणालाही रगडू देऊ नका, काका मायेनं म्हणाले तरी. थंड पाण्याची ओली पट्टी नडगीवर पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. पाय उशीवर.

पोटभर जेवा. परिक्रमेत बायका लाजून कमी खातात हे मी पाहिलंय, पंगतीत दुसऱ्यांदा मागत नाहीत. उद्या मागा. डाळ जास्त घ्या. टिक्कड असेल तर त्यावर तूप नाकारू नका. शेंगदाणे-गूळ जवळ ठेवा. लघवी गडद होत असेल तर पाणी कमी पडतंय. दुपारी झोपा, रात्री पुन्हा झोपा. पहिल्या थांबलेल्या दिवशी अंग जास्तच जड वाटतं, सगळे सांधे बोलायला लागतात. काका याच जडपणाला ‘पाय धरले’ म्हणतात. घाबरू नका, ते दुसऱ्या दिवशी चालताना सुटतं.

पिशवी रिकामी करा. हे महत्त्वाचं आहे. सगळं सामान चादरीवर मांडा आणि अठरा दिवसांत ज्याला हात लावला नाही ते बाजूला काढा. तिसरी साडी, जादा ताट, पोथीची दुसरी प्रत, घरून दिलेले डबे. आश्रमात द्या किंवा पुढच्या पोस्टातून घरी पाठवा. दोन किलो कमी झाले तर ते दोन किलो प्रत्येक पावलातून कमी होतात. बुटांचे तळवे काढून उन्हात ठेवा, टाच एका बाजूला झिजली आहे का ते बघा.

परवा सकाळी उठल्यावर आवारात दहा मिनिटं चाला. लंगडल्याशिवाय चालता आलं, रात्री ठणकलं नाही, बोटानं दाबून कळ गेली नाही, तर निघा. यातलं एकही जमलं नाही तर आणखी एक दिवस. तीन दिवसांत फरक नाही तर डॉक्टर, बोटाला एक जागा सापडली नाही तरीही. निघालात तर पहिल्या दिवशी दहा-बारा किलोमीटरच. गेलेला दिवस भरून काढायला पस्तीस चालणं, हे सगळ्यात वाईट. डांबराच्या कडेला मातीची पायवाट असेल तर तिच्यावर उतरा. रस्ता कडेकडे उतरता असतो आणि समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून आपण उजव्या कडेनं चालतो, त्यामुळे दिवसभर उजवं पाऊल खालच्या बाजूला पडत राहतं. तुमची उजवीच नडगी दुखते आहे, हेही एक कारण असेल. आणि यापुढे दुखो न दुखो, सहा-सात दिवसांनी एक दिवस थांबायचं हे चौघांनी आत्ताच ठरवून टाका. ठरलेला मुक्काम असला की कुणा एकाला पाय दुखतो म्हणून हात वर करावा लागत नाही. धाकटे काका पत्रात एकदाही बोललेले नाहीत. मला वाटतं त्यांनाही थांबायचं आहे, विचारून बघा.

बोटानं दाबून काय जाणवलं ते मला सकाळी कळवा. नऊनंतर फोन केलात तरी चालेल, तुम्हाला उद्या कुठं जायचं नाही.

नर्मदे हर.